अभिलेख व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधून प्रतिमांच्या लिंक बाहेर काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील ग्रंथालये, शाळा, जुन्या संस्था आणि काही गृहनिर्माण सोसायट्या आपली दप्तरे स्कॅन करून अभिलेख व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवू लागल्यापासून आमच्या नौपाड्यातील छोट्या गटाकडे याच विषयावरचे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. त्यांतील नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुख्यतः आर्काइव्ह्जस्पेस आणि ॲटम या दोन मुक्त प्रणालींची आहेत, कारण बहुतेक विचारणा त्यांच्याबद्दलच असते.

१. लिंक एक्सपोर्ट केल्या म्हणजे फोटोही एक्सपोर्ट झाले, असे समजायचे का?

नाही. सॉफ्टवेअरमध्ये दस्तऐवजाचे वर्णन असते आणि त्या वर्णनाला प्रतिमेचा पत्ता जोडलेला असतो. प्रत्यक्ष प्रतिमा सर्व्हरवरील एखाद्या फोल्डरमध्ये, वेगळ्या डिस्कवर किंवा दुसऱ्याच संगणकावर असू शकते. लिंकची यादी काढल्यावर आपल्या हातात फक्त पत्ते येतात. डिस्क बिघडली तर त्या यादीतून एकही पान परत मिळत नाही, म्हणून या यादीला बॅकअप समजू नये. असे समजणारे अनेकजण आम्हाला भेटले आहेत, म्हणूनच हा प्रश्न पहिला ठेवला आहे.

२. मग ही यादी काढायचीच कशाला?

मुख्यतः चार कामांसाठी : एका प्रणालीतून दुसरीत जाताना, संस्थेच्या संकेतस्थळावर प्रतिमा दाखवताना, अभ्यासकाला ठरावीक दप्तराच्या प्रती पाठवताना, आणि कोणत्या नोंदींना प्रतिमा जोडायची राहून गेली आहे हे शोधताना. यांतील शेवटचे काम आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, पण त्यासाठी विचारणा क्वचितच होते.

३. यादीत कोणते रकाने असावेत? आमच्याकडे फक्त लिंकचा एक रकाना आला आहे.

नुसत्या लिंकच्या रकान्याचा उपयोग पत्ता बदलेपर्यंतच असतो, आणि पत्ते बदलतात. म्हणून प्रत्येक ओळीत दस्तऐवजाचा संदर्भ क्रमांक असलाच पाहिजे, म्हणजे दप्तरावर आणि वर्णनात जो क्रमांक लिहिला आहे तो जसाच्या तसा. त्याशिवाय प्रणालीने नोंदीला दिलेला अंतर्गत क्रमांक, शीर्षक, लिंक, फाइलचे मूळ नाव, प्रतिमेचा प्रकार (मूळ प्रत, वाचनाची प्रत की लघुप्रतिमा), ती सर्वांसाठी खुली आहे की नाही आणि शक्य असल्यास चेकसम, एवढे रकाने घ्यावेत. चेकसम म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा; शा-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलमध्ये एका बाइटचा फरक पडला तरी पूर्णपणे बदलतो. पत्ता आणि नाव दोन्ही बदलले तरी चेकसमवरून तीच फाइल ओळखता येते. यादी कोणत्या तारखेला काढली हे फाइलच्या नावातच लिहावे.

४. आर्काइव्ह्जस्पेसमध्ये प्रतिमेची लिंक नेमकी कुठे असते? दस्तऐवजाच्या नोंदीत ती दिसतच नाही.

ती दोन पायऱ्या आत असते. दस्तऐवजाच्या नोंदीला ‘इन्स्टन्स’ या दुव्यातून एक डिजिटल ऑब्जेक्ट, म्हणजे स्कॅन केलेल्या प्रतीची वेगळी नोंद, जोडलेला असतो. त्या डिजिटल ऑब्जेक्टच्या आत एक किंवा अनेक ‘फाइल व्हर्जन’ असतात आणि प्रत्येक फाइल व्हर्जनमध्ये ‘फाइल यूआरआय’ नावाचा रकाना असतो. लिंक असते ती या रकान्यात. त्यामुळे दस्तऐवजांची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांच्या साध्या तक्त्यात) उतरवली तरी तीत लिंक येत नाही, आणि फक्त डिजिटल ऑब्जेक्टची यादी काढली तर ती प्रतिमा कोणत्या दप्तरातली हे कळत नाही. या दोन टोकांची गाठ मारणे हेच एक्सपोर्टचे खरे काम आहे.

५. ही गाठ मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता?

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर संग्रहाचे वर्णन ईएडी या एक्सएमएल स्वरूपात (अभिलेखांच्या वर्णनासाठी ठरवलेल्या, टॅग लावलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) एक्सपोर्ट करावे. एक्सपोर्ट करताना दोन खुणा तपासाव्यात : एक डिजिटल ऑब्जेक्टचे टॅग समाविष्ट करण्याची आणि दुसरी अप्रकाशित नोंदी समाविष्ट करण्याची. पहिली खूण राहिली तर एक्सएमएल व्यवस्थित तयार होते, पण त्यात लिंक नसतात आणि प्रणाली चूक झाल्याची सूचनाही देत नाही. या एक्सएमएलमध्ये दस्तऐवजाचे वर्णन आणि त्याची लिंक एकमेकांच्या आत येतात, त्यामुळे गाठ आपोआप पडलेली असते. त्यातून तक्ता तयार करण्याचे काम एखादा विद्यार्थीही करू शकतो.

प्रोग्रॅमिंग जाणणारी व्यक्ती हाताशी असेल तर एपीआयचा (दुसऱ्या प्रोग्रॅमने प्रणालीकडून थेट माहिती मागवण्याच्या सोयीचा) मार्ग अधिक नेमका आहे. लॉगिन केल्यावर मिळणारी सत्राची किल्ली प्रत्येक मागणीसोबत पाठवून आधी सर्व डिजिटल ऑब्जेक्टचे क्रमांक मागवावेत आणि मग एकेक नोंद वाचून त्यातील फाइल यूआरआय वेगळे काढावेत. तिसरा मार्ग थेट मायएसक्यूएल डेटाबेसमधून माहिती वाचण्याचा आहे. तो सर्वांत वेगवान असला तरी त्यासाठी फक्त वाचण्याचे अधिकार असलेले वेगळे खाते तयार करून घ्यावे. मुख्य खात्याने डेटाबेसमध्ये शिरून ‘एवढीच एक चूक दुरुस्त करून टाकतो’ म्हणणाऱ्यांना आमचा विरोध आहे.

६. एपीआयने यादी मागवली तर दहाच नोंदी आल्या. बाकीच्या पुसल्या गेल्या की काय?

पुसल्या गेलेल्या नाहीत. आर्काइव्ह्जस्पेसचा एपीआय पानापानाने उत्तर देतो. संख्या सांगितली नाही तर एका पानावर दहा नोंदी येतात, आणि मूळ मांडणी बदललेली नसेल तर एका पानावर जास्तीत जास्त २५० मागता येतात. उत्तरातच एकूण पाने किती आहेत हे लिहिलेले असते, ते वाचून शेवटच्या पानापर्यंत जावे लागते. सगळे क्रमांक एकदम मागण्याचा पर्यायही आहे. ऐरोलीहून एका कार्यकर्त्याने आम्हाला दहा ओळींची यादी पाठवून ‘काम पूर्ण झाले’ असे कळवले होते. त्यांच्या कपाटात मात्र तीनशेहून अधिक दप्तरे होती. म्हणून एक्सपोर्टनंतर पहिली तपासणी ओळींच्या संख्येची करावी, लिंक उघडून पाहण्याचे काम त्यानंतरचे.

७. ॲटममध्ये हेच काम कसे होते?

हव्या असलेल्या नोंदी ॲटमच्या स्वतःच्या क्लिपबोर्डवर (निवडलेल्या नोंदींच्या तात्पुरत्या यादीत) घेऊन सीएसव्ही एक्सपोर्ट करता येते आणि त्या सीएसव्हीत डिजिटल ऑब्जेक्टच्या पत्त्याचा रकाना असतो. मसुदा स्थितीतील नोंदी हव्या असतील तर आधी लॉगिन केलेले असावे लागते.

आर्काइव्ह्जस्पेसपेक्षा येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली अशी की ॲटममध्ये एका वर्णनाला एकच डिजिटल ऑब्जेक्ट जोडता येतो. वीस पानांचा अर्ज वीस वेगवेगळ्या प्रतिमांत असेल तर त्या अर्जाच्या खाली वीस उपनोंदी तयार झालेल्या असतात. यादी काढताना उपनोंदी वगळल्या की मूळ नोंदीपुढे लिंकचा रकाना रिकामा दिसतो आणि प्रतिमाच नाहीत असा गैरसमज होतो. दुसरी गोष्ट म्हणजे अपलोड केलेल्या प्रतिमेचा पत्ता ॲटम स्वतः तयार करतो आणि त्यात फाइलच्या चेकसमवरून आलेली लांबलचक अक्षरे असतात. स्कॅन पुन्हा करून फाइल बदलली की पत्ताही बदलतो. जुनी यादी छापून ठेवलेली असेल तर ती त्या क्षणापासून चुकीची होते.

८. एकाच फोटोच्या तीन लिंक मिळाल्या. अभ्यासकाला कोणती द्यावी?

ॲटम प्रत्येक प्रतिमेच्या तीन प्रती सांभाळतो : मूळ प्रत, वाचनासाठीची मध्यम प्रत आणि लघुप्रतिमा. सर्वसाधारण वाचकाला मध्यम प्रतीची लिंक पुरेशी असते. मोडी लिपीतील कागद वाचणाऱ्याला मात्र मूळ प्रत द्यावी, कारण अक्षरांवरील बारीक फराटे मध्यम प्रतीत पुसट होतात आणि वाचन चुकते. लघुप्रतिमेची लिंक अभ्यासकाला द्यायच्या यादीत ठेवूच नये. क्रमवारी लावताना ती चुकून पुढे येते आणि मग ‘तुमचे स्कॅन फारच लहान आहेत’ अशी पत्रे येतात. आर्काइव्ह्जस्पेसमध्ये असे तीन प्रकार आपोआप तयार होत नाहीत. तेथे प्रत्येक फाइल व्हर्जनचा उपयोग काय हे नोंदवण्याचा रकाना आहे, आणि तो भरलेला असेल तरच ही निवड करता येते.

९. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी शीर्षकांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. फाइल बिघडली आहे का?

फाइल बहुधा ठीक आहे, ती उघडण्याची पद्धत चुकली आहे. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) असते, पण फाइलच्या सुरुवातीला तशी खूण नसेल तर एक्सेल ती वेगळ्या सांकेतिक पद्धतीने वाचते. फाइलवर दोनदा क्लिक करण्याऐवजी एक्सेलच्या डेटा विभागातून ती आयात करावी आणि तेथे यूटीएफ-८ निवडावे, किंवा लिब्रऑफिसमध्ये उघडावी. ते उघडतानाच विचारते.

आयात करतानाच संदर्भ क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून घोषित करावा. तसे केले नाही तर ०००७ चे ७ होते आणि ३-१२ या दप्तर क्रमांकाची तारीख होते; फाइल तशीच जतन केली तर मूळ क्रमांक कायमचा जातो. मोठ्या संग्रहांसाठी आणखी दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, पण क्लिक करता येणाऱ्या लिंक एका पानावर ६५,५३० पर्यंतच चालतात. त्यापुढच्या लिंक साध्या मजकुराच्या रूपात ठेवाव्या लागतात, आणि आमच्या मते सगळ्याच तशा ठेवाव्यात.

१०. फाइलचे नाव मराठीत आहे. एक लिंक उघडते आणि अगदी तशीच दिसणारी दुसरी उघडत नाही. असे का होते?

हा प्रश्न मराठी संग्रहांचा खास आहे आणि त्याचे मूळ पुष्कळदा एकाच अक्षरात सापडते. ‘गावकऱ्यांचे अर्ज’ या नावातील अर्धा र पाहा. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. तोच ऱ साधा र आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. तिसऱ्या पद्धतीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तसेच रूप मिळते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे आहेत. नोंद करणाऱ्याने एका कळफलकावर नाव टंकलिहिले आणि स्कॅन करणाऱ्याने दुसऱ्या, तर लिंक तुटते आणि दोघेही शपथेवर सांगतात की नाव बरोबर आहे. मॅकवर जुन्या एचएफएस प्लस पद्धतीने बनवलेली डिस्क असेल तर ती फाइलचे नाव साठवतानाच अशा चिन्हांची फोड करते, त्यामुळे टंकलेखन सारखे असूनही फरक पडू शकतो. यादीतील नावे आणि डिस्कवरील नावे दोन्ही एकाच प्रमाणित रूपात आणून मग जुळवावीत. पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत त्यासाठी तयार सोय आहे. मात्र जोडचिन्हाचे रूप या प्रमाणीकरणाने बदलत नाही, ते वेगळे शोधून बदलावे लागते.

लांबीचाही त्रास होतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जात असल्याने हा एवढासा शब्द ३६ अक्षरांचा होतो. लिनक्सवर एका फाइलच्या नावाला सामान्यतः २५५ बाइटची मर्यादा असते, त्यात जेमतेम ८५ देवनागरी चिन्हे मावतात. आमचा स्पष्ट सल्ला असा की मराठी शीर्षक वर्णनात पूर्ण आणि शुद्ध लिहावे, फाइलला मात्र रोमन अक्षरे व आकडे वापरून संदर्भ क्रमांकाचेच नाव द्यावे. मराठीचा आग्रह धरायची जागा वर्णन ही आहे.

११. लिंक कार्यालयात उघडते, घरून उघडत नाही. सर्व्हर बंद आहे का?

लिंकची सुरुवात पाहावी. ती ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होत असेल, किंवा तिच्यात संगणकाचे स्थानिक नाव अथवा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल, तर ती फक्त कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातच चालते. अशा लिंकही प्रणाली विनातक्रार साठवते, कारण तिच्यासाठी तो रकाना म्हणजे नुसता मजकूर असतो. तपासणीसाठी मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, लॉगिन न करता लिंक उघडून पाहावी. बाहेरच्या वाचकाला काय दिसते ते कळते. कार्यालयातील विंडोजवर चालणारी लिंक लिनक्स सर्व्हरवर अडकत असेल तर छोट्या आणि मोठ्या लिपीतील फरक तपासावा, विशेषतः फाइलच्या शेवटच्या जेपीजीचा. विंडोज हा फरक मानत नाही, लिनक्स मानते.

१२. स्कॅन गूगल ड्राइव्हवर आहेत आणि नोंदीत त्यांच्या शेअर लिंक टाकल्या आहेत. हे चालेल का?

तात्पुरते चालेल. शेअर लिंक प्रतिमेकडे नेत नाही, ती प्रतिमा दाखवणाऱ्या पानाकडे नेते, म्हणून संकेतस्थळावर ती प्रतिमा म्हणून दिसत नाही आणि यंत्राने तपासणी केली तर हाती वेबपान लागते. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचे नाव बदलले तरी ही लिंक टिकते, हा तिचा फायदा मान्य करावा लागेल. खरा धोका मालकीचा आहे. फाइल एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यात असेल आणि ते खाते बंद झाले, तर फाइल आणि लिंक दोन्ही जातात. किमान मालकी संस्थेच्या खात्याकडे घ्यावी आणि प्रश्न ३ मधील चेकसमचा रकाना भरून ठेवावा.

१३. हजारो लिंक आहेत. त्या चालू आहेत की नाहीत हे एकेक उघडूनच पाहायचे का?

नाही, हे काम लहानशा स्क्रिप्टने होते. पूर्ण फाइल न उतरवता फक्त तिची शीर्षमाहिती मागवली तरी पुरते. उत्तरात २०० हा आकडा आला म्हणजे पत्ता चालू आहे, ४०४ म्हणजे तेथे काही नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ३०१ किंवा ३०२ म्हणजे पत्ता दुसरीकडे वळवला आहे. मात्र नुसत्या २०० वर विसंबू नये. काही सर्व्हर ‘पान सापडले नाही’ हा मजकूरही २०० म्हणूनच पाठवतात. म्हणून उत्तरातील प्रकार प्रतिमेचा आहे की वेबपानाचा, आणि आकार शून्य तर नाही ना, हेही नोंदवावे. दोन मागण्यांमध्ये सेकंदभर तरी थांबावे, नाहीतर सर्व्हर आपल्यालाच हल्लेखोर समजून अडवतो. या सगळ्यानंतर पन्नासेक लिंक स्वतःच्या डोळ्यांनी उघडून प्रतिमा आणि वर्णन एकाच कागदाचे आहे ना हे पाहावे. चालू लिंकवर चुकीचा कागद असणे ही चूक स्क्रिप्टला कळत नाही.

१४. फोल्डरचे नाव बदलले आणि सगळ्या लिंक तुटल्या. आता काय करावे?

आधी फोल्डरचे जुने नाव परत द्यावे, लिंक लगेच चालू होतात. मग शांतपणे विचार करावा. नवी मुंबईतील एका संस्थेत ‘न्यू बॉम्बे’ नावाच्या फोल्डरमध्ये सिडकोच्या सुरुवातीच्या काळातील कात्रणे होती. सिडकोची स्थापना १९७० ची आणि नवी मुंबई महानगरपालिका १९९२ ची, त्यामुळे त्या कागदांवर ते जुने नाव असणे स्वाभाविकच होते. एका उत्साही स्वयंसेवकाने ते ‘नवी मुंबई’ केले आणि दुपारपर्यंत संकेतस्थळावरील सर्व चौकटी रिकाम्या झाल्या. ठाण्याच्या बाबतीतही जुन्या इंग्रजी कागदांत नावाची अनेक स्पेलिंगे आढळतात आणि ती ‘सुधारण्याचा’ मोह होतो. फोल्डरला स्थळाचे नाव देऊच नये, हा त्यावरचा कायमचा उपाय.

नाव बदलणे भागच असेल तर सर्व्हरवर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वळवण्याची सोय करावी आणि मगच प्रणालीतील फाइल यूआरआय एकगठ्ठा बदलावेत. बदलण्यापूर्वीची यादी जपून ठेवावी. मोठ्या संस्थांनी आर्कसारखे स्थायी अभिज्ञापक (वस्तूला दिलेले, न बदलणारे ओळखक्रमांक) वापरावेत, म्हणजे वाचकाकडचा पत्ता तोच राहतो आणि आतली जागा बदलता येते.

१५. अप्रकाशित नोंदींच्या लिंक यादीत आल्या तर बिघडते कुठे?

बिघडू शकते, कारण प्रणालीतील ‘अप्रकाशित’ ही खूण बहुतेक वेळा वर्णन लपवते. बाहेरच्या सर्व्हरवर ठेवलेली प्रतिमा तिच्या थेट पत्त्यावर उघडीच राहते. यादी एकदा व्हॉट्सॲपवर फिरली की तो पत्ता गुप्त राहत नाही. सोसायटीच्या सभासदांचे अर्ज, शाळेचे दाखले, वैद्यकीय कागद अशा दप्तरांत हयात व्यक्तींची माहिती असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कागदावर गोळा करून नंतर स्कॅन केलेल्या माहितीचाही विचार करतो. संशोधन आणि अभिलेख जतनासाठी त्यात अटींसह सवलत असली तरी ती सवलत लिंक वाटत फिरण्याची नाही. अशा दप्तरांची यादी वेगळ्या फाइलमध्ये काढावी आणि प्रतिमा लॉगिनच्या आड ठेवाव्यात.

१६. चारशे पानांचे एक जमाखर्चाचे पुस्तक आहे. त्याच्या लिंकमध्ये पानांचा क्रम चुकतो.

क्रम फाइलच्या नावावरून लावला जात असेल तर १, १०, १००, १०१ आणि मग २ असा लागतो. फाइलनावात आकडे शून्ये लावून एकाच लांबीचे करावेत (०००१ ते ०४००), आणि यादीत क्रमाचा वेगळा रकाना ठेवावा. आर्काइव्ह्जस्पेसमध्ये अशा पुस्तकाची पाने डिजिटल ऑब्जेक्टच्या घटकांच्या रूपात, क्रमाने मांडता येतात. मग यादी काढताना घटकांच्या लिंकही काढाव्या लागतात, फक्त वरच्या नोंदीची लिंक पुरत नाही. प्रतिमा ट्रिपल आयएफ (वेबवर प्रतिमा दाखवण्याच्या सामायिक आंतरराष्ट्रीय) पद्धतीने दिल्या जात असतील तर संपूर्ण पुस्तकासाठी मॅनिफेस्ट नावाची एकच फाइल असते आणि तिच्यात पानांचा क्रम लिहिलेला असतो. अशा वेळी चारशे लिंकऐवजी मॅनिफेस्टची एक लिंक यादीत ठेवणे पुरेसे आहे. पुस्तकावर छापलेला पानक्रमांक आणि स्कॅनचा क्रमांक मात्र एक मानू नये. मलपृष्ठ, कोरी पाने आणि मध्ये चिकटवलेल्या पावत्या यांमुळे दोन्हींत फरक पडतोच.

१७. एकच लिंक यादीत दोनदा आली आहे. एक ओळ पुसून टाकू का?

आधी दोन्ही ओळींतील संदर्भ क्रमांक पाहावेत. तो एकच असेल तर दुबार ओळ पुसायला हरकत नाही. क्रमांक वेगवेगळे असतील तर पुसू नये, कारण एकाच स्कॅनवर दोन दस्तऐवज असणे अगदी शक्य आहे : एका बाजूला पत्र आणि त्याच कागदाच्या समासात दुसऱ्या हाताने लिहिलेला शेरा, किंवा एका मोठ्या पानावर चिकटवलेली दोन तिकिटे. आर्काइव्ह्जस्पेसमध्ये एकच डिजिटल ऑब्जेक्ट अनेक नोंदींना जोडता येतो आणि अशी जोडणी मुद्दाम केलेली असू शकते. एक्सेलमधील दुबार ओळी काढण्याची सोय फक्त लिंकच्या रकान्यावर चालवली तर हे जोड निमूटपणे तुटतात. ती वापरायचीच असेल तर लिंक आणि संदर्भ क्रमांक असे दोन्ही रकाने निवडावेत.